रिकाम्या तलावाची मुदत

सार्वजनिक बांधकाम खात्यात ३४ वर्षे नोकरी करून मोऱ्या, विश्रामगृहांची कौले आणि मामलेदार कचेरीच्या ओल धरलेल्या भिंती यांची डागडुजी करण्यातच ज्याचा जन्म गेला, अशा ओव्हरसियराला निवृत्तीनंतर कोणी खाजगी जलतरण तलावाच्या दुरुस्तीस पाचारण करील, ही कल्पना मला स्वप्नातही शिवली नव्हती. पण माझ्या धाकट्या बंधूंच्या एका वर्गमित्रांचा लोणावळ्यास बंगला आहे, बंगल्यामागे कातळ फोडून बांधलेला १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असा तलाव आहे, आणि तो तलाव गळतो, या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि चैत्र सरता सरता ११ कलमांची एक यादी माझ्या हाती पडली. निखळलेल्या फरश्या बदलणे, पाण्यातले दिवे नवे बसविणे, गाळणीतील वाळू बदलणे, उतरण्यासाठी पायऱ्या बांधणे, अशी ती कलमे होती. आणि त्या सर्वांच्या शिरोभागी, घागर पालथी करावी इतक्या सहजतेने, ‘तलाव रिकामा करणे’ असे पहिले कलम लिहिले होते. पुढे दीड महिना ज्याने मला स्वस्थ झोप लागू दिली नाही ते हेच पहिले कलम. बाकीची दहा त्यामानाने पाहुण्यांसारखी आली आणि गेली.

एकाच वस्तूला त्या घरात चार नावे होती. मालक तिला ‘पूल’ म्हणत, आणि माझ्या दप्तरात पूल म्हणजे दोन्ही तीरांना पाय टेकून नदीवर उभा असलेला, त्यामुळे मला प्रत्येक वेळी क्षणभर चुकल्यासारखे होई. त्यांच्या ८२ वर्षांच्या मातोश्री ‘हौद’ म्हणत, बंगल्याची राखण करणारे मावळी काका ‘तळं’ म्हणत, आणि माझ्याबरोबर पुण्याहून आलेले वयस्क गवंडी, ज्यांना सारे नुसते मिस्त्री म्हणत, ते ‘टाकी’ म्हणत. चौघांत मिस्त्रींचेच नाव शास्त्रशुद्ध होते, असे माझे मत आहे. तळे हे जमिनीचेच अंग असते, जमिनीचे पाणी त्यात येते आणि त्याचे पाणी जमिनीत जाते. टाकी मात्र जमिनीत नुसती ठेवलेली असते, आणि जे नुसते ठेवलेले असते ते कधी ना कधी हलू शकते.

गळणारा तलाव खरोखर गळतो की नाही, याची शहानिशा तो रिकामा करण्यापूर्वीच करावी लागते, कारण रिकाम्या तलावाला गळतीबद्दल काही विचारता येत नाही. त्यासाठी महागड्या यंत्राची गरज नसते. एक बादली पुरते. तिच्यात तलावाचेच पाणी घ्यावे, ती पाण्यात बुडती उभी राहील अशी ठेवावी, आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी सारखी करून दोन्हींवर खुणा कराव्यात, आणि २४ तास पंप बंद ठेवून पुन्हा पाहावे. उन्हाने बादलीतले पाणी जेवढे उडते तेवढेच तलावातलेही उडते. त्याहून अधिक जे गेले ती गळती. बुडती बादली उभी करायला त्या तलावात एकही पायरी नव्हती, म्हणून ती उथळ टोकाला एका उलट्या घमेल्यावर बसविली. दुसऱ्या दिवशी बादलीतले पाणी ६ मिलिमीटर उतरले होते आणि तलावातले ३१. फरक २५ मिलिमीटरांचा, क्षेत्र ५० चौरस मीटरांचे, म्हणजे रोज १२५० लिटर पाणी कोणाच्याही नकळत कोठेतरी जात होते. रोजकीर्दीत मी हा आकडा लिहिला आणि त्यापुढे ‘कोठे?’ असा शब्द लिहून खाली रेघ मारली. ती रेघ मारल्यानंतर त्या शब्दाचा मी पुरेसा विचार केला नाही, ही माझी पहिली चूक.

रिकामे करण्याविषयी मालकांची आणि माझी थोडी वादावादी झाली. एवढे जड काँक्रीट रिकामे केल्याने काय होणार, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न चुकीचा होता असे म्हणता येत नाही. पात्र फुटेल ते आतल्या भाराने, असेच सामान्य बुद्धीला वाटते. परंतु कोकणच्या बंदरावर ज्याने रिकामे गलबत पाहिले आहे त्याला ठाऊक असते, की माल उतरला की गलबत वर येते. मी कागदावर ढोबळ हिशेब मांडला. तळ आणि भिंती २० सेंटीमीटर जाडीच्या धरल्या तर या टाकीत सुमारे २० घनमीटर काँक्रीट, म्हणजे ५० टन वजन. उथळ टोकाला १ मीटर आणि खोल टोकाला २ मीटर, अशी सरासरी दीड मीटर खोली धरली तर पाणी ७५ हजार लिटर, म्हणजे आणखी ७५ टन. हे ७५ टन काढून घेतल्यावर टाकीभोवतीच्या जमिनीतले पाणी जर भूपृष्ठाखाली ८० सेंटीमीटरपर्यंत चढले, तर तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजनही ५० टनच भरते; तराजूची पारडी समतोल होतात, आणि आर्किमिडीजच्या नियमाला काँक्रीट आणि लाकूड यांत भेद करण्याचे कारण उरत नाही. तेथून पाणी वीतभर आणखी चढले की टाकीचे गलबत होते. सभोवारची माती आणि कडेची फरसबंदी तिला काही काळ धरून ठेवील, पण कोणाच्या धरून ठेवण्यावर इमारत उभी करू नये, ही आमच्या खात्यातली पहिली ताकीद. आणि अखंड टाकी वर आली नाही तरी खोल टोकाचा तळ, ज्यावर हा दाब सर्वाधिक, तो आधी फुगून तडकतो.

लोणावळ्यास वर्षाला ४ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेव्हा जे काही करावयाचे ते मृगापूर्वी, म्हणजे ७ जूनच्या आत, अशी मुदत मी मालकांकडून मान्य करून घेतली आणि आवारातल्या विहिरीचे पाणी मोजण्याची तजवीज केली. काकांनी दोरीला दगड बांधून रोज सकाळी माप घ्यावे, असे ठरले. पहिले माप जमिनीखाली साडेपाच मीटरांचे आले, टाकीचा तळ जमिनीखाली जेमतेम सव्वादोन मीटर, आणि मी निश्चिंत झालो. क्लोरीन टाकणे पाच दिवस बंद ठेवून, उन्हाने त्याचा अंश उडून गेल्यावर, ते पाणी दोन दिवसांत हळूहळू खालच्या अंगाच्या गवताळ उतारावर सोडले, आणि एप्रिलच्या २४ तारखेला दुपारी मी शिडीने प्रथम त्या तलावाच्या तळाशी उतरलो.

रिकाम्या तलावात उभे राहिल्यावर मनाला जे वाटते ते शब्दांत नेमके सांगणे कठीण आहे. निळ्या फरश्यांच्या भिंती आपल्या डोक्याहून उंच, वर आकाशाचा चौकोन, आणि आपला प्रत्येक शब्द आपल्याच कानावर परत येणारा. पाणी असताना जे स्थळ केवळ पृष्ठभाग होते, त्याला एकाएकी एखाद्या खोलीचे रूप येते. पाण्याच्या रेषेवर चुन्याच्या क्षाराची पांढरी पट्टी बसली होती, तळाशी एक मेलेला बेडूक, दोन नाणी आणि लहान मुलाचा एक पोहण्याचा चष्मा होता. काकांनी आल्या आल्या खोल टोकाला एक फळी तिरपी लावून ठेवली. का, म्हणून विचारले, तर म्हणाले, “रातच्याला काय बी पडतं, सायेब. धामण पडली तर चढंल कशावरनं?” माझ्या ३४ वर्षांच्या अंदाजपत्रकांत धामणीसाठी फळी हे कलम कधी आले नव्हते, ते मी रोजकीर्दीत लिहून घेतले.

मिस्त्रींचे काम ऐकण्याचे होते. थापीच्या लाकडी मुठीने ते एकेक फरशी ठोकीत जात, आणि जी टणक वाजे तिला सोडून जी बद्द वाजे तिच्यावर खडूची फुली मारीत. ४ हजारांवर फरश्या, तीन दिवस हा नाद चालला होता, आणि तिसऱ्या दिवशी मलाही डोळे मिटून सांगता येऊ लागले. बद्द फरश्या अकराशेंच्या घरात गेल्या. त्यातली एक उचकटून मिस्त्रींनी माझ्या हातात पालथी दिली. तिच्या पाठीवर मालाचे पाच गोळे होते, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, आणि गोळ्यागोळ्यांमधल्या जागेत पांढऱ्या क्षाराचा मऊ थर बसला होता. पूर्वीच्या ठेकेदाराच्या माणसांनी संपूर्ण पाठीला माल न लावता पाच ठिकाणी लाडू चिकटवून फरशी भिंतीवर दाबली होती; घरातल्या कोरड्या भिंतीवर असे काम वर्षानुवर्षे निभते, पाण्याखाली मात्र सांध्यांतून शिरलेले पाणी त्या पोकळ्यांत वस्ती करते आणि फरशीला सावकाश बाहेर लोटते. “पोटाला लाडू, पाठीला उपास,” असे म्हणून मिस्त्रींनी ती फरशी बाजूला ठेवली. नव्या फरश्या त्यांनी पुढे दातेरी पत्र्याने पूर्ण पाठ भरून बसविल्या, आणि दर विसाव्या फरशीला ती ओली असतानाच परत काढून पाठ मला दाखविली. मी मागितले नव्हते.

ठोकण्याच्या त्या दिवसांत मिस्त्रींनी दुसरीही एक गोष्ट सांगितली होती. खोल टोकाच्या तळालगतच्या तीन-चार ओळींतून, टाकी रिकामी होऊन आठ दिवस झाले तरी, पाझर थांबला नव्हता. दुपारच्या उन्हात वाळलेली फट सकाळी पुन्हा ओली दिसे. फरश्यांच्या पाठीमागे साठलेले पाणी बाहेर येत असेल, असे मी उत्तर दिले, आणि ते उत्तर इतके सयुक्तिक होते की मिस्त्री गप्प राहिले. विहीर साडेपाच मीटर खाली असल्यावर दुसरे उत्तर शोधण्याचे मला प्रयोजनच वाटले नाही.

क्षाराची पट्टी काढण्यासाठी सौम्य केलेले आम्ल वापरावे लागले, आणि येथे एक प्रसंग थोडक्यात निभावला. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये, आणि क्लोरीनच्या पुडीचा व आम्लाचा स्पर्शही होऊ देऊ नये, हे मी कामावरच्या पोरांना निक्षून सांगितले होते. पण रिकामा तलाव हा खड्डा आहे आणि आम्लाची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्याच्या तळाशी बसते, हे सांगावयाचे राहिले. वारा पडलेल्या एका सकाळी भिंत घासणारा मुलगा विश्रांतीसाठी तळाशी टेकला आणि दोन मिनिटांत खोकत गुदमरू लागला. मिस्त्रींनी त्याला खांद्यावर घेऊन शिडी चढविली. तो तासाभराने सावरला, पण त्या दिवसाचे काम मी बंद केले, आणि दुसऱ्या दिवसापासून काठावर दोन मोठे पंखे खालच्या दिशेने लावून, नाकातोंडाला मुखवटे बांधून, तळाशी कोणी बसावयाचे नाही अशी ताकीद देऊनच ते काम पुरे केले.

आणि मग मे महिन्याच्या १६ तारखेची संध्याकाळ आली. भिंतींचा गिलावा आणि त्यावरचा जलरोधक थर पुरा झाला होता, नव्या फरश्यांचे काम दुसऱ्या दिवशी सुरू व्हावयाचे होते, आणि मी बंगल्याच्या ओसरीवर बसून हिशेब लिहीत होतो. पाचच्या सुमारास नागफणीच्या अंगाने ढग काळवंडले, वावटळीने आंब्याची पाने तलावात आणून टाकली, आणि वळीव सुरू झाला. गारांसह दीड तास तो असा कोसळला, की पागोळ्यांच्या जागी पाण्याचे पडदे लोंबत होते. विजेचे दिवे गेले. काका पांघरलेले इरले सावरीत विहिरीवर जाऊन आले आणि म्हणाले, “हिरीचं पानी व्हतं तिथंच हाय.” मी पुन्हा निश्चिंत झालो, पण मिस्त्री टॉर्च घेऊन तलावाकडे गेले होते, आणि थोड्याच वेळात त्यांनी तेथून जी हाक मारली ती कामावर मी कधी ऐकली नव्हती.

खोल टोकाच्या तळाशी वीतभर पावसाचे पाणी साठले होते. टॉर्चच्या झोतात त्या पाण्यातून एके जागी चिखलाचा धागा वर येताना दिसत होता, जसा विडीचा धूर सरळ वर जातो तसा. आम्ही पाहत असतानाच तळातून ‘कट्’ असा, ओली फळी मोडल्यासारखा आवाज आला आणि एक जुनी फरशी आपल्या जागेवरून बोटभर वर उचलली गेली. त्या आवाजाने माझ्या रोजकीर्दीतल्या ‘कोठे?’चे उत्तर मला एका क्षणात मिळाले. कातळ फोडून खोदलेल्या खड्ड्यात ही टाकी बसविली होती, टाकी आणि कातळ यांच्यामधली हातभर जागा मुरूम-दगडांनी भरली होती, आणि कातळ पाणी लवकर सोडीत नाही. म्हणजे टाकीच्या बाहेर कातळाचा एक दुसरा द्रोण होता. गळतीचे रोजचे १२५० लिटर याच द्रोणात जाऊन फटीफटींनी सावकाश खाली उतरत होते, आठ दिवसांचा पाझर त्याचाच होता. आणि आता बंगल्याच्या मागच्या छपराची सगळी पन्हळ, जिचे तोंड कोणा शहाण्याने तलावाच्या फरसबंदीमागे सोडले होते, ती त्याच द्रोणात दीड तास ओतली गेली होती. विहिरीचा या व्यवहाराशी काडीमात्र संबंध नव्हता. मी तीन आठवडे इमानाने मोजत होतो ते माप खरे होते, फक्त ते दुसऱ्याच पाण्याचे होते.

टाकीत पाणी भरून वजन घालावे तर वीज नव्हती आणि रात्रीचा टँकर मिळणार नव्हता. राहिला एकच मार्ग, बाहेरच्या पाण्याला आत घेण्याचा. अशा टाकीच्या सर्वांत खोल जागी, निचऱ्याच्या जाळीशेजारी, बाहेरचा दाब वाढला की आपोआप उघडणारी एक झडप ठेवण्याची रीत आहे. येथेही ती असली पाहिजे, पण उतरलो त्या दिवसापासून ती मला दिसली नव्हती, आणि जुन्या नकाशांवाचून ती शोधण्याची मी खटपटही केली नव्हती. मिस्त्रींनी मात्र ठोकताना जाळीजवळच्या चार फरश्यांचा रंग किंचित वेगळा असल्याचे टिपून ठेवले होते. गुडघ्यांवर बसून, पाण्यात हात घालून, माझ्या टॉर्चच्या उजेडात त्यांनी त्या चार फरश्या छिन्नीने फोडल्या. खाली सिमेंटचा गोळा, तो फोडल्यावर पितळेचे गोल झाकण. पूर्वीच्या कोणा दुरुस्ती करणाऱ्याला ही झडप गळताना दिसली असावी. तिचे रबर बदलण्याऐवजी त्याने तिच्यावर सिमेंट ओतून फरश्या लावल्या आणि रोगाबरोबर रोग्याचाही बंदोबस्त केला. झाकणाला पान्याची तिसरी आट मिळताच मिस्त्री म्हणाले, “सरा मागं.” झाकण उडाले आणि मांडीएवढ्या उंचीचा गढूळ झोत पाण्याच्या वर उसळला. त्याला मातीचा, मुरमाचा आणि जुन्या सिमेंटचा मिश्र वास होता. आम्ही दोघे नखशिखांत भिजलो, आणि मिस्त्री त्या वयात, त्या चिखलात, लहान पोरासारखे हसत सुटले.

रात्रभर तो झरा मंदावत मंदावत वाहत राहिला. सकाळी खोल टोकाला कमरेएवढे पाणी होते आणि झडपेवर पृष्ठभाग निश्चल होता. आतले आणि बाहेरचे पाणी एका पातळीला आले होते. तळाला दोन हातांची एक बारीक चीर पडली होती, ती खोदून भरता आली. मालकांना मी सर्व हकिगत फोनवर सांगितली, माझ्या चुकीसह. विहिरीच्या मापांचा तक्ताही वाचून दाखविला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारले, “पायऱ्या होतील ना वेळेत? आईने धरलंय.”

मोहेंजोदडोचे महास्नानगृह माझ्या खात्यातल्या अनेकांप्रमाणे मीही पुस्तकातच पाहिले आहे. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २ मीटरहून थोडा अधिक खोल असा तो विटांचा हौद. विटा जिप्समच्या मसाल्यात बसविलेल्या, मागे डांबराचा थर, आणि एका कोपऱ्यातून पाणी काढून टाकण्याची विटांची मोरी. पाणी आत कसे राहील याची त्यांनी चिंता केली हे कोणालाही सुचेल, पण ते बाहेर काढण्याचीही सोय त्यांनी आरंभीच बांधून ठेवली, याचे मला त्या चिखलाच्या सकाळी विशेष अप्रूप वाटले. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या ओव्हरसियराला मी मनातल्या मनात रामराम केला.

उरलेली कामे भराभर झाली, आणि त्यांचे वर्णनही तसेच करतो. झडपेला नवे रबर आणि नवी जाळी बसली. पन्हळीचे तोंड फिरवून ओढ्याकडे नेले, आणि माझ्या मते संपूर्ण दुरुस्तीतले सर्वांत मोलाचे काम हेच, यादीत नसलेले आणि सर्वांत स्वस्त. तलावाच्या खोल कोपऱ्याबाहेर कातळापर्यंत भोक घेऊन छिद्रे पाडलेली जाड नळी उभी केली आणि तिच्याभोवती खडी भरली. यापुढे विहिरीऐवजी या नळीत दोरी सोडावी म्हणजे टाकीभोवतीच्या पाण्याचे खरे माप कळेल. तळाला निचऱ्याची एकच जाळी होती, तीही तुटकी. पंपाची ओढ एकाच तोंडावर आली तर मुलाचे केस किंवा हात तिथे धरला जाऊ शकतो, म्हणून एकमेकींपासून मीटरभर अंतरावर दोन तोंडे आणि वर फुगीर जाळ्या केल्या. दिवे १२ व्होल्टचे लावले आणि मुख्य पेटीत गळती-प्रवाह तोडणारा खटका बसविला. गाळणी उघडली तेव्हा वाळूचे, तेलाचे आणि मळाचे सुपारीएवढे गोळे निघाले. ही वाळू गेल्या दहा वर्षांत कोणी बदलली असेल असे वाटेना. आणि गळती सापडली ती, सर्व भिंत निर्दोष ठरल्यावर, पाणी आत सोडणाऱ्या नळीभोवतीच्या सांध्यात, जिथे प्लास्टिक आणि काँक्रीट यांची मैत्री कधीच पुरती जमत नाही.

पायऱ्यांविषयी मात्र अधिक लिहिले पाहिजे. मालकांच्या मातोश्री माहेरच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकल्या होत्या, आणि या तलावात पाच वर्षे उतरल्या नव्हत्या, कारण उतरण्याची एकमेव सोय म्हणजे खोल टोकाची उभी लोखंडी शिडी. उथळ टोकाला १५ सेंटीमीटर उंचीच्या आणि ३० सेंटीमीटर रुंदीच्या सहा पायऱ्या, कडेला गडद निळी पट्टी आणि उजव्या हाताला कठडा, असे मी काढून दाखविले. त्यांनी नकाशा पाहिला नाही. “मला चालून पाहू द्या,” म्हणाल्या. फरश्या बसण्यापूर्वी, नुसत्या विटांच्या कोरड्या पायऱ्यांवरून, एका हाताने मिस्त्रींचा हात आणि दुसऱ्याने नऊवारीचा ओचा धरून त्या खाली उतरल्या. तिसऱ्या पायरीवर थांबून म्हणाल्या, “ही जरा रुंद करा. इथं बसायचं असतं.” मग रिकाम्या तळावरून चालत खोल टोकापर्यंत गेल्या, मान वर करून भिंती पाहिल्या आणि आपल्या आईला मारीत असतील तशी एक लांब हाक मारली. ती चारी भिंतींवरून फिरून आली. “विहिरीत यापेक्षा जास्त घुमायचा,” त्या मला म्हणाल्या. तिसरी पायरी आम्ही ४५ सेंटीमीटर केली.

सांधे भरून झाल्यावर १२ दिवस ते पक्के होऊ दिले आणि मृग लागून तिसऱ्या दिवशी, मुदत चुकवून, पण आता नळी, झडप आणि फिरविलेली पन्हळ यांच्या भरवशावर, पाणी सोडले. थोडे विहिरीचे आणि बरेचसे टँकरचे, चार दिवसांत ७५ हजार लिटर. नव्या सिमेंटमुळे पाण्याचा सामू वर सरकतो, तो ७.२ ते ७.६ यांच्या दरम्यान आणण्यास आणखी दोन दिवस गेले. काकांनी नळीत दोरी सोडून पाहिली: दीड मीटर खाली. रोजकीर्दीत ते माप लिहिण्यास मी त्यांनाच सांगितले, आणि त्यांनी आकड्यापुढे, माझी नक्कल करून, एक रेघ मारली.

शेवटची कसोटी बादलीचीच होती. या वेळी घमेल्याची गरज नव्हती. ती तिसऱ्या पायरीवर ठेवली, खुणा केल्या आणि उघडीप मिळालेले २४ तास वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघाभर पाण्यात वाकून, चष्मा सावरीत मी दोन्ही खुणा मोजल्या: बादलीत ४ मिलिमीटर, तलावात ४ मिलिमीटर. खात्री व्हावी म्हणून मी पट्टी पुसून पुन्हा मोजीत होतो, तोच पाठीमागून काठावरून आवाज आला.

“अहो, तुमचं मोजून झालं असेल तर ती बादली उचला आता. माझ्या पायरीवर आहे ती.”